पेन ड्राइव्हची शोधाशोध आता पुरे!

"अगं, पेन ड्राइव्ह कुठे ठेवलास?" घरात दोन कॉम्प्युटर असले की हा प्रश्न ठरलेला. डब्यांचा हिशोब किंवा ब्लाउजच्या ऑर्डरी बाहेरच्या कॉम्प्युटरवर, प्रिंटर मात्र मुलाच्या लॅपटॉपला. मग सारखी ने-आण करायची. त्यात पेन ड्राइव्ह हरवला, की महिन्याचा हिशोबही गेला!

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही म्हणून तुम्हीही उबुंटू किंवा मिंट हे फुकटातलं लिनक्स बसवून घेतलं असेल, तर मैत्रिणींनो, या ने-आणीतून तुमची सुटका होऊ शकते. दोन्ही कॉम्प्युटर घरातल्या एकाच वायफायवर असले की झालं. फाइल घरातल्या घरात फिरते, त्यामुळे नेटचा रिचार्ज संपला असला तरी काम अडत नाही.

सगळ्यात सोपा उपाय वार्पिनेटर. लिनक्स मिंटमध्ये तो २०२० पासून तयारच मिळतो. दोन्हीकडे उघडा, समोरच्या कॉम्प्युटरचं नाव दिसेल. फाइल त्यावर ओढून सोडा, तिकडून परवानगी द्या, पोचली! त्यातला तयार ग्रुप कोड मात्र बदलून दोन्हीकडे आपला एकच कोड टाका.

रोज लागणारा फोल्डर कायमचा दोघांत ठेवायचा असेल, तर सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम विंडोजच्या कॉम्प्युटरशीही जुळवून घेतो. फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरिंग सुरू करायचं. सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो एकदा स्वतंत्र द्यावा लागतो. तो दिला नाही, तर मशीन पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत राहतं आणि आपण वैतागतो. 'गेस्ट'ला मुभा देऊ नका. वायफाय शेजारीही वापरत असतील, तर मुळीच नको.

आतल्या खोलीत बसून बाहेरचा कॉम्प्युटर चालवायचा असेल, तर एसएसएच. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये हे तंत्र तयार केलं. यात पासवर्ड आणि फाइल दोन्ही कुलूपबंद होऊनच जातात. ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत, त्यावर ओपन-एसएसएच सर्व्हर बसवून घ्यायचा. मग दुसऱ्यावरून 'एसएफटीपी'ने जोडलं, की तिथले फोल्डर आपल्यासमोर.

काल चाललं, आज चालत नाही, असं झालं तर दोन गोष्टी बघा. फाइली असलेला कॉम्प्युटर झोपेत तर गेला नाही ना? आणि राउटरने त्याचा आयपी नंबर बदलला नाही ना? हा नंबर राउटरमध्ये कायमचा ठरवून घेता येतो.

आता महत्त्वाचं. घरातला दरवाजा घरातच उघडू द्या. बाहेरगावाहून फाइली बघता याव्यात म्हणून कुणी राउटरचा पोर्ट उघडून देतो म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. फोनवरच्या अनोळखी माणसाला 'स्क्रीन शेअर' तर कधीच नको. बँकेचा माणूस म्हणून बोलला तरी नको. आणि शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे फाइल पुसली, की दोन्हीकडून गेली. हिशोबाची आणि फोटोंची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

हे सगळं बसवायला भाचा येईल, नाहीतर कॉम्प्युटर क्लासमधला मुलगा. जरूर बोलवा. पण पासवर्ड तुम्ही स्वतः टाका आणि वहीत लिहून कपाटात ठेवा. तिजोरी कुणीही बसवून देवो, किल्ली मात्र आपल्याच कमरेला हवी!