किनाऱ्यावरील रंगीत कडे : भूवारसा आणि त्याचे संरक्षण

बेंगळुरू शहराला समुद्रकिनारा नाही. तथापि दक्षिण भारताचा भूइतिहास समजून घेण्यास तेथील लालबागेतील खडकाळ टेकडीपासून प्रारंभ करणे सोयीचे ठरते. सुमारे 300 कोटी वर्षे जुन्या या द्वीपकल्पीय नाइस खडकास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा लाभला आहे. बेंगळुरूहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या रेल्वेने केरळमधील वर्कला येथे उतरल्यास याच इतिहासाचा बराच अलीकडचा टप्पा पाहावयास मिळतो. केरळचा किनारा बहुतांशी सखल असला तरी येथे मात्र तांबडे कडे थेट अरबी समुद्रास भिडलेले आहेत.

रंगांचे मूळ

वर्कलाचे कडे तृतीयक कालखंडाच्या उत्तरार्धात साचलेल्या गाळाचे आहेत. त्यांत वालुकाश्म, चिकणमाती आणि लिग्नाइटचे थर आढळतात. माथ्यावर जांभा खडकाचे आवरण आहे. थरांचे रंग हे त्यांतील घटकांचे निदर्शक होत. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल, जलयुक्त लोहसंयुगांमुळे पिवळा, केओलिनमुळे पांढरा, तर कुजलेल्या वनस्पतींतील कार्बनमुळे काळा रंग येतो. येथील शैलसमूहास भूविज्ञानात या गावाचेच नाव दिलेले आहे.

जांभा उष्ण व दमट हवामानात तयार होतो. मुसळधार पावसाने खडकातील सिलिका व विद्राव्य क्षार वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये मलबारातील अंगाडिपुरम येथील या खडकाचे वर्णन करून त्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खणताना मऊ असणारा आणि हवेत कठीण होणारा हा खडक कोकणात चिऱ्यांच्या रूपाने घराघरांत वापरला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर काळ्या बेसाल्टवर तांबड्या जांभ्याचा थर अनेक ठिकाणी दिसतो. याच जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत.

कडे का ढासळतात?

पावसाचे पाणी सच्छिद्र जांभा व वालुकाश्मातून खाली झिरपते. परंतु चिकणमातीचा थर लागताच त्याची वाट अडते. तेथून ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वर्कलाचे प्रसिद्ध झरे असेच निर्माण झाले आहेत. मात्र हेच पाणी चिकणमाती मऊ करते, पायथा लाटांनी पोखरला जातो आणि वरचा भाग कोसळतो. ही प्रक्रिया नैसर्गिक आहे. परंतु कड्याच्या काठावर बांधकामाचा भार पडला किंवा सांडपाणी जमिनीत मुरले, की तिचा वेग वाढतो. पर्यटनावर अनेक कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते हे खरे. पण कडाच नाहीसा झाल्यास ती उपजीविकाही टिकणार नाही.

संरक्षणाची चौकट

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने वर्कलाच्या कड्यांना भूवारसा स्थळ म्हणून मान्यता दिली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातील सात नैसर्गिक स्थळांची भर पडली. त्यांत वर्कलाचे कडे, विशाखापट्टणमजवळील ‘एर्रा मट्टी दिब्बलु’ या तांबड्या वाळूच्या टेकड्या, उडुपीजवळील सेंट मेरी द्वीपसमूह आणि पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खनचे लाव्हा थर यांचा समावेश आहे. संभाव्य यादी ही केवळ पहिली पायरी असून तिच्यातील समावेश म्हणजे जागतिक वारसा दर्जा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे.

किनारी बांधकामांचे नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 अन्वये काढलेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनांद्वारे होते. पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली. पुढे 2011 व 2019 मध्ये नव्या अधिसूचना आल्या. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला.

तोडलेले वन पुन्हा लावता येते. ढासळलेला कडा पुन्हा रचता येत नाही. म्हणूनच काठापासून पुरेसे अंतर राखणे, सांडपाण्याची योग्य व्यवस्था करणे आणि स्थानिकांना संरक्षणात सहभागी करून घेणे आवश्यक आहे. नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे संविधानाच्या अनुच्छेद 51क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असून खडकांचा हा वारसाही त्या पर्यावरणाचाच भाग आहे.