रिफंड एवढा कसा आला?

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की कचेऱ्यांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: तुमचा आला का? दोन-चार हजारांचा रिफंड आला तर कुणी त्याचा फारसा विचार करत नाही. पण पासबुकात एकदम पंचाहत्तर हजार किंवा पाच लाख दिसले, की आनंदापाठोपाठ धास्ती येते. हे पैसे खरेच आपले का? खात्याची चूक तर नाही? उद्या परत मागितले तर?

ही धास्ती मला योग्य वाटते. फक्त ती नुसती बाळगून बसू नये, तिचा छडा लावावा. प्राप्तिकराचा परतावा हे बक्षीस नाही की अनुदान नाही. वर्षभरात तुमच्या पॅनवर जमा झालेल्या करातून तुमचा खरा कर वजा केला की उरते ती ही रक्कम. त्यामुळे रिफंड फुगायला दोनच वाटा आहेत. एक तर कर गरजेपेक्षा जास्त कापला गेला, नाहीतर विवरणपत्रात देय कर कमी दाखवला गेला. पहिल्या वाटेने आलेला रुपया तुमचाच आहे, तो उशिरा आला एवढेच. दुसऱ्या वाटेने आलेला रुपया तपासल्याशिवाय खर्च करू नये.

पहिल्या वाटेचे एक उदाहरण आकड्यांसह पाहू. पुण्यातल्या कंपनीत महिना दीड लाख पगारावर असलेली एक मुलगी. आर्थिक वर्ष २०२५-२६. ही वर्षभर कामावर राहणार असे एप्रिलमध्येच धरून कंपनीचा पगार विभाग हिशेब मांडतो. वर्षाचे अठरा लाख, त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट, म्हणजे करपात्र १७,२५,०००. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, बारा ते सोळा लाखांवर १५ टक्क्यांनी ६०,००० आणि वरच्या सव्वा लाखावर २० टक्क्यांनी २५,०००. बेरीज १,४५,०००. त्यावर ४ टक्के उपकराचे ५,८०० धरून १,५०,८००. याचा बारावा हिस्सा, साडेबारा हजारांहून थोडा जास्त, दर महिन्याच्या पगारातून कापला जातो.

सप्टेंबरअखेर आईच्या आजारपणामुळे ती नोकरी सोडते. तोवर ७५,४०० रुपये कापले गेलेले असतात. अर्धे वर्ष काम केले, अर्धा कर भरला, विषय संपला असे तिला वाटते. पण करात अर्ध्याचे अर्धे होत नाही. वर्षभराचे तिचे खरे उत्पन्न नऊ लाख, वजावटीनंतर सव्वाआठ लाख. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीला २०२५-२६ पासून कलम ८७ए खाली पूर्ण करसवलत मिळते. म्हणजे तिचा कर शून्य, आणि कापलेले ७५,४०० रुपये पैन् पै परत. बाळंतपणानंतर बिनपगारी रजा, परदेशी शिक्षणासाठी सोडलेली नोकरी, फेब्रुवारीत झालेली नोकरकपात अशा प्रत्येक प्रसंगात हेच घडते. पगार थांबतो आणि नेमक्या त्याच वर्षी कर जास्त कापलेला असतो. घराला पैशांची सर्वाधिक गरज असताना तिचे पाऊण लाख सरकारकडे अडकलेले असतात, ही गोष्ट मला रिफंडच्या आनंदापेक्षा जास्त लागते.

आता तिच्या खात्यात ७५,४०० नाही, ७७,२८५ जमा झाले असतील. वरचे १,८८५ हे व्याज. मुदतीत विवरणपत्र भरले असेल तर १ एप्रिलपासून रिफंड देईपर्यंत दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, आणि महिन्याचा एक दिवस उजाडला तरी महिना पूर्ण धरतात. ऑगस्टमध्ये पैसे आले तर पाच महिने, म्हणजे अडीच टक्के. विवरणपत्र उशिरा भरले तर व्याज भरल्याच्या तारखेपासून सुरू होते. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळतच नाही. मागितल्यापेक्षा थोडे जास्त आले म्हणून घाबरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या शंकेचे उत्तर या व्याजात असते. मात्र हे व्याज करपात्र आहे. ज्या वर्षी ते हाती आले त्या वर्षीच्या उत्पन्नात ते दाखवायचे असते. मुद्दल आपलेच असल्यामुळे त्यावर कर नाही.

ही फोड तुमच्या ई-मेलवर येऊन पडलेली असते, पण ती उघडून पाहणारे थोडे. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्र तपासले गेले की कलम १४३(१) खालची सूचना येते. ती पीडीएफ कुलूपबंद असते. पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ आकड्यांत, हा तिचा पासवर्ड. आत दोन रकाने असतात. एकात तुम्ही भरलेले आकडे, शेजारी खात्याने काढलेले. शाळेतल्या उजळणीसारखे बोट ठेवून दोन्ही रकाने खाली वाचत जायचे. आकडा जिथे बदलला, तिथे तुमच्या प्रश्नाचे उत्तर. एखाद्या जुन्या वर्षाची थकबाकी वळती करून घेतली असेल तर तीही इथेच दिसते. वर्ष वाचताना मात्र गफलत होते. सूचनेवर करनिर्धारण वर्ष लिहिलेले असते, आणि ते कमाईच्या वर्षापेक्षा एकाने पुढे असते. २०२५-२६ च्या कमाईचा रिफंड २०२६-२७ या नावाने येतो.

पहिल्याच वाटेचा दुसरा ठरलेला प्रकार जुन्या आणि नव्या प्रणालीतल्या निवडीचा. २०२३-२४ पासून कर्मचाऱ्याने काही सांगितले नाही तर कंपनी नवी प्रणाली गृहीत धरून कर कापते. घरभाडे, गृहकर्जाचे व्याज, दीड लाखांची गुंतवणूक आणि आरोग्यविमा असा सगळा ऐवज असलेल्या माणसाला कधी कधी जुनी प्रणाली फायद्याची ठरते. धंद्याचे उत्पन्न नसेल तर मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडता येते, आणि फरक रिफंड म्हणून परत येतो. जानेवारीत भाड्याच्या पावत्या द्यायला विसरलेल्यांचेही असेच. इथे फक्त कागद जवळ हवेत.

ज्येष्ठ नागरिकांचे काय होते, त्यावर थोडे थांबायला हवे. एका विधवा आजींना वर्षाला तीन लाख कुटुंबनिवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे तीन लाख साठ हजार व्याज मिळते. एकूण सहा लाख साठ हजार, म्हणजे नव्या प्रणालीत कर शून्य. तरी व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेले की बँक १० टक्के टीडीएस कापते. (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा पन्नास हजार होती.) म्हणजे छत्तीस हजार गेले. पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेला असेल तर कपात २० टक्के, म्हणजे बहात्तर हजार, आणि पॅन पुन्हा चालू होईपर्यंत रिफंडही अडून राहतो. ज्यांचा महिन्याचा औषधखर्च व्याजावर चालतो त्यांचे एवढे पैसे वर्ष-सव्वा वर्ष बाहेर राहणे ही साधी गोष्ट नव्हे. यावर उपाय पूर्वीपासून आहे. कर शून्य होणार असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणापत्र द्यायचे. सगळे त्याला पंधरा एच म्हणूनच ओळखतात. आजींना दरवर्षी मोठा रिफंड येत असेल तर मुलानातवंडांनी त्याचे कौतुक करू नये. एप्रिलमध्ये त्यांच्यासोबत बँकेत जावे.

शिक्षक, जिल्हा परिषदेचे आणि इतर सरकारी कर्मचारी यांचा मोठा रिफंड बहुतेक वेळा फरकाच्या थकबाकीतून येतो. वेतन आयोगाचा मागील पाच-सात वर्षांचा फरक एकाच वर्षी हातात पडला की उत्पन्न वरच्या टप्प्यात जाते आणि त्याच हिशेबाने कर कापला जातो. जो पगार ज्या वर्षाचा होता त्या वर्षी मिळाला असता तर कर किती लागला असता, हे मांडून फरकाची सूट मागण्याची सोय कलम ८९ मध्ये आहे. मात्र त्यासाठी फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सूट दाखवली तर ती नाकारली जाते, आणि रिफंडऐवजी कराची मागणी येते. फॉर्म भरलेल्या आणि न भरलेल्या दोन सहकाऱ्यांच्या हिशेबात मोठा फरक पडतो आणि मग शिक्षकांच्या खोलीत उगाच कुजबुज होते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आकडे लाखांत जातात. नाशिकचा फ्लॅट चाळीस लाखांना घेतला, काही वर्षांनी अठ्ठेचाळीस लाखांना विकला. नफा आठ लाखांचा. अनिवासी माणसाला दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून १३ टक्के, म्हणजे १,०४,००० रुपये कर बसतो. पण नफा किती हे खरेदीदाराला ठरवता येत नाही, म्हणून तो जोखीम टाळत पूर्ण किमतीवर १३ टक्के कापतो, म्हणजे ६,२४,०००. पाच लाख वीस हजारांचा रिफंड हा असा तयार होतो. व्यवहाराआधी प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला घेतला असता तर हे पैसे अडकलेच नसते. तो मिळायला काही आठवडे लागतात, आणि घर विकायला पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

आता दुसरी वाट. ‘तुमचा रिफंड वाढवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असे सांगणारे एजंट कारखान्यांच्या फाटकापासून सरकारी कार्यालयांपर्यंत फिरतात. ते काय करतात? न दिलेले घरभाडे, न काढलेले शैक्षणिक कर्ज, कधीच न दिलेली राजकीय पक्षाची देणगी विवरणपत्रात घालतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत दीडशे ठिकाणी यासाठीच तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे आपणहून मागे घेतल्याचे खात्याने तेव्हा सांगितले. त्या निवेदनातली एक बाब मला सर्वांत गंभीर वाटते. हे एजंट विवरणपत्रांसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडतात आणि काम झाले की सोडून देतात. खात्याच्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर पडून राहतात आणि करदात्याला काही कळतच नाही. टक्केवारी घेऊन एजंट निघून जातो. विवरणपत्रावर पॅन मात्र तुमचाच असतो. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत जातो.

म्हणून विवरणपत्र दुसऱ्या कुणी भरले असेल तर प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ई-मेल आणि मोबाइल आपलाच आहे का, हे आधी पाहावे. मग भरलेल्या विवरणपत्राची प्रत उतरवून वजावटींचे पान वाचावे. ओळखीची नसलेली एखादी वजावट दिसली तर मुदत असेपर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येते. ती उलटल्यावर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. त्यात उशिरानुसार २५ ते ७० टक्के जादा कर भरावा लागतो, पण दंडापेक्षा ते केव्हाही परवडते. आणि रिफंड मंजूर झाल्याचे सांगून लिंक दाबायला लावणारा एसएमएस आला तर तो खात्याचा नाही. पोर्टलवर तुम्हीच दिलेल्या आणि पडताळलेल्या खात्यात रिफंड आपोआप येतो, त्यासाठी कुणी पिन वा ओटीपी विचारत नाही.

एवढे करूनही काही रकमेचा उगम लागला नाही, तर २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि वार्षिक माहिती विवरणपत्र ओळीओळीने तपासा. पॅनमधले एक अक्षर चुकल्याने दुसऱ्याच कुणाचा टीडीएस आपल्या नावावर चढल्याचे प्रकार घडतात. तो आपला म्हणून मागितला गेला असेल तर परत द्यावा लागतो. वार्षिक माहिती विवरणपत्रात ‘ही नोंद माझी नाही’ असे कळवायची सोय आहे, आणि टीडीएस कापणाऱ्यालाही दुरुस्तीसाठी लिहावे लागते. हे मिटेपर्यंत तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवा. जुलै २०२६ मध्ये भरलेल्या विवरणपत्राच्या छाननीची नोटीस ३० जून २०२७ पर्यंत येऊ शकते. तोवर पगाराच्या पावत्या, बँकेचे दाखले, फॉर्म १६ आणि १४३(१) ची ती पीडीएफ एकाच फाइलमध्ये हाताशी असू द्या.