कंस सुटला म्हणजे

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, बेळ्ळंदूरच्या विस्तीर्ण तलावाजवळून जाणाऱ्या बाह्य वळणरस्त्याच्या कडेने संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांची दाटी झालेली आहे. महाराष्ट्रातून तेथे नोकरीस गेलेल्या मुलाला घरून वडील विचारतात, "तू दिवसभर करतोस तरी काय?" "आजची सकाळ एक कंस शोधण्यात गेली, बाबा," या उत्तराने त्यांचे समाधान होणे कठीणच. परंतु त्या उत्तरात थट्टा मुळीच नसते. हा कंस कोणता, तो हरवतो कसा आणि शोधावा कसा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

छापील नमुना आम्हां सरकारी नोकरांना नवा नाही. 'श्री. अमुक, राहणार अमुक, यांस कळविण्यात येते की' हा मजकूर कायम असतो. गाळलेल्या जागा तेवढ्या भरावयाच्या. संकेतस्थळाचे पान पुष्कळदा याच रीतीने तयार होते. साचा एकदा लिहून ठेवतात. नाव, तारीख, रक्कम ही माहिती यंत्र आयत्या वेळी त्यात भरते. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर या वस्तूचे नावच 'साचा' असे आहे. तेथे साच्याचे नाव दुहेरी महिरपी कंसांत लिहितात आणि दोन घटकांमध्ये उभी रेघ घालतात. २००५ साली लोकांपुढे आलेल्या 'जँगो'च्या किंवा तिच्यासारख्याच 'जिंजा'च्या साचाभाषेत 'इफ' या शब्दाने अट सुरू होते व 'एंडइफ'ने संपते.

आपले पूर्वज मोडी लिपीत शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून लिहीत, आणि वाचणारा अर्थ लावून घेई. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हे रुजविली, तरी एखादे चिन्ह सुटले म्हणून आपले वाचन अडत नाही. यंत्राजवळ ही समजूत नाही. कंस उघडला आणि मिटला नाही, की साचा कोठे संपला हे त्यास कळेनासे होते. मग जिंजासारखी व्यवस्था पान दाखविण्याचेच नाकारते. विकिपीडियावर तो साचा कंसांसकट जसाच्या तसा पानावर उमटतो.

अशा वेळी प्रथम यंत्राचा संदेश शांतपणे वाचावा. त्यात बहुधा ओळीचा क्रमांक असतो. मात्र चूक जेथे उमगली ती ओळ आणि चूक जेथे घडली ती ओळ एकच असेल असे नाही. म्हणून त्या ओळीपासून वर वर पाहत जावे. एकात एक ठेवलेल्या डब्यांप्रमाणे, जी अट शेवटी उघडली ती प्रथम मिटली पाहिजे. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास साच्याची प्रत करून, अटीचा मधोमध तुकडा न पाडता, अर्धा भाग काढून पाहावा. चूक नाहीशी झाली तर ती काढलेल्या भागात होती. हजार ओळींचा साचाही सुमारे दहा वेळा निम्मा केला म्हणजे चुकीची ओळ हाती येते.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी काही सापळे ओळखून असावे. देवनागरीचा दंड आणि साच्यातील उभी रेघ डोळ्यांना सारखी दिसतात; यंत्राला ती दोन वेगळी चिन्हे आहेत. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आली, तरी तोच घोटाळा होतो. विकिपीडियाच्या साच्यात पहिल्या घटकाची जागा रोमन आकड्याने दाखवावयाची असता मराठी '१' लिहिला, तर यंत्र त्यास एखादे नाव समजते. 'सुऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित करता येतो. दिसावयास दोन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी दोन शब्द. शंका आल्यास शब्द दुरून चिकटवून आणू नये. पुसून स्वतः पुन्हा लिहावा.

तथापि आरडाओरडा करणारी चूक एका अर्थी प्रामाणिक असते. पान उघडत नाही, म्हणून कोणी तरी दुरुस्तीस धावतो. खरी भीती मुक्या चुकीची. भरावयाच्या माहितीचे नावच चुकीचे लिहिले गेले, तर जँगो काय किंवा जिंजा काय, आपण निराळी आज्ञा दिली नसल्यास, तक्रार न करता ती जागा कोरी सोडते. निवृत्तिवेतनाच्या पानावर रक्कम नाही, शिष्यवृत्तीच्या सूचनेत शेवटची तारीख नाही. पान मात्र नीटनेटके! पलीकडच्या विद्यार्थ्याला वाटते की तारीख ठरावयाची आहे, आणि तो थांबतो.

म्हणून कंस जुळले एवढ्यावर काम संपवू नये. साच्यात खरे मराठी नाव, खरी रक्कम, खरी तारीख भरून ते पान ज्याच्यासाठी आहे त्याच्या नजरेने एकदा वाचावे. कोरी राहिलेली जागा यंत्राला खटकत नाही. ती माणसालाच खटकावी लागते.