जुन्या बर्फगाडीला दुसरे एंजिन

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. १९२२ सालच्या अखेरच्या दिवशी तेथील पंधरा वर्षांच्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या मुलाने एका घसरगाडीवर फोर्ड मोटारीचे जुने एंजिन बसवले, त्याला मागे लाकडी पंखा जोडला आणि ती गाडी बर्फावरून चालवून दाखवली. वडिलांना तो उघडा गरगरणारा पंखा भलताच धोक्याचा वाटला. त्यांनी गाडी मोडायला लावली. मुलाचा नाद मात्र सुटला नाही. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिए यांचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते, रुग्णालयापर्यंत नेता आले नाही आणि मूल दगावले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या बर्फगाड्या बनवल्या आणि १९५९ मध्ये एकट्यादुकट्याने वापरण्याजोगी 'स्की-डू' ही छोटी गाडी बाजारात आणली. अशा गाडीला स्नोमोबिल म्हणतात. पुढे दोन घसरपट्ट्या, त्या वळवायला हँडल. मागे एक रुंद दातेरी रबरी पट्टा. आणि वर स्कूटरसारखी बैठक. झाली स्नोमोबिल.

१९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत या गाड्या बनवणारे शंभरावर कारखाने होते. त्यांतले बहुतेक लवकरच बंद पडले. गाड्या मात्र टिकल्या. आजही क्वेबेकमध्ये किंवा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पन्नास वर्षांपूर्वीची स्नोमोबिल एखाद्याच्या पडवीत उभी असते. सांगाडा धडधाकट, पण एंजिनाचा दट्ट्या घासलेला आणि नवा दट्ट्या कोठेच मिळत नाही. मग मालक विचार करतो, की पाण्याच्या पंपाला किंवा जनित्राला लावतात तसले एखादे साधे, नवे एंजिन यात का बसवू नये? घरच्या घरी अशी बदली करणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते आत मावेल का? पण मावणे हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. पत्रा कापता येतो, पाया नव्याने जोडता येतो. खरी अडचण भौतिकीच्या पुस्तकात आहे.

जुन्या स्नोमोबिलची एंजिने बहुधा टू-स्ट्रोक असत. आपल्याकडच्या जुन्या बजाज स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर तेल घालावे लागे, तीच जात. दट्ट्याच्या दोन धावांत, म्हणजे आसाच्या प्रत्येक फेऱ्याला, एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोक एंजिनात तोच स्फोट दोन फेऱ्यांतून एकदा होतो. त्यामुळे टू-स्ट्रोक एंजिन आकाराने लहान आणि वजनाला हलके राहूनही भरपूर शक्ती देते. मात्र ते पेट्रोल जास्त पिते, धूर सोडते आणि ती शक्ती देण्यासाठी त्याला अतिशय वेगाने फिरावे लागते.

आता एक गणित करू. समजा, जुने एंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असताना ४० अश्वशक्ती देते. नव्या फोर-स्ट्रोक एंजिनावर '२२ अश्वशक्ती, ३६०० फेरे' असे लिहिले आहे. दोघांचे आघूर्ण, म्हणजे आसाला फिरवणारा पीळ, किती? तुम्हांला ठाऊक आहे, की शक्ती म्हणजे आघूर्ण गुणिले कोनीय वेग. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. जुन्या एंजिनाची शक्ती २९,८४० वॅट आणि कोनीय वेग सेकंदाला ७३३ रेडियन; भागाकार आला सुमारे ४१ न्यूटन-मीटर. नव्याची शक्ती १६,४१२ वॅट, कोनीय वेग ३७७ रेडियन. भागाकार सुमारे ४४ न्यूटन-मीटर.

गंमत पाहा! अश्वशक्ती जवळजवळ निम्मी, पण पीळ उलट थोडा जास्तच. 'पीळ तेवढाच आहे, म्हणजे गाडी पूर्वीसारखीच धावेल' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि 'शक्ती निम्मी, म्हणजे गाडी हलणारच नाही' असे म्हणणारेही भेटतात. दोघेही चुकतात, का, ते एंजिन आणि पट्टा यांच्या मधल्या यंत्रणेत पाहायचे.

स्नोमोबिलला हाताने बदलायचे गिअर नसतात. एंजिनाच्या आसावर एक कप्पी असते आणि तिच्यापासून काही इंचांवर दुसरी. दोन्हींवरून एक जाड रबरी पट्टा जातो. (गाडीखालच्या मोठ्या पट्ट्याशी याची गल्लत करू नका, याला आपण वादी म्हणू.) प्रत्येक कप्पी म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन उतरत्या बशा समजा. बशांमधले अंतर वाढले की वादी खाली आसाकडे बसते, म्हणजे कप्पी जणू लहान होते. बशा जवळ आल्या की वादी काठाकडे चढते, कप्पी मोठी होते. सुरुवातीला पहिली कप्पी 'लहान' व दुसरी 'मोठी' असते. एंजिनाचे तीन-साडेतीन फेरे होतात तेव्हा दुसऱ्या कप्पीचा एक होतो, पण पीळ तितक्याच पटीने वाढतो. वेग वाढेल तसे हे गुणोत्तर हळूहळू एकास एक होते. आपल्याकडे १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडापासून पुढच्या पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हीच युक्ती आहे.

पण बशांना 'आता जवळ या' असे कोण सांगते? पहिल्या कप्पीत छोटी वजने बसवलेली असतात. कप्पी फिरू लागली की ती बाहेर फेकली जाऊ पाहतात आणि एका उतरत्या कडेवर दाबून हलत्या बशीला पुढे ढकलतात. समोरून एक स्प्रिंग तिला मागे रेटत असते. वजनांचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला, की बशा वादीला पकडतात आणि गाडी हलते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि सारी ग्यानबाची मेख त्या 'वर्गा'त आहे. ७००० फेऱ्यांच्या हिशेबाने निवडलेली वजने ३६०० फेऱ्यांवर किती जोर देतील? (३६०० ÷ ७०००) चा वर्ग काढा. उत्तर ०.२६, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा.

जुन्या गाडीची कप्पी मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास वादी पकडे. नवे एंजिन तर ३६०० वर संपते! म्हणजे एंजिन आपल्या कमाल वेगाला पोचल्यावर कोठे वादी धरली जाणार, आणि पुढचे गुणोत्तर बदलणे होणारच नाही. वादी बशांमध्ये घासत राहील, तापेल आणि जळेल. पडवीत नीट सुरू झालेली गाडी गोठलेल्या तलावाच्या मधोमध, शून्याखाली ३० अंश तापमानात अशी थांबली, तर चालत परत येणे हा काही गमतीचा भाग नाही. तेव्हा एंजिन बदलणाऱ्याने कप्पीची वजने जड करावीत, स्प्रिंग मऊ घालावी, किंवा सरळ कमी वेगाच्या एंजिनासाठी बनवलेली कप्पीच घ्यावी. बहुतेकांचे पहिले आठवडे यातच जातात, आणि माझ्या मते ते योग्य जागी जातात.

आता वेगाकडे वळू. समजा, दुसऱ्या कप्पीनंतरच्या साखळीने फेरे निम्मे होतात आणि मोठा पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचा परीघ ५६ सेंटिमीटर आहे. गुणोत्तर एकास एक असताना जुने एंजिन गाडीला ताशी सुमारे ११८ किलोमीटर वेग देऊ शके. नवे देईल सुमारे ६०. साखळीची चाके बदलून पुन्हा ११८ करता येतील की! कागदावर येतील. पण शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वाटेतली झीज सोडून दिली, तर १६,४१२ वॅट शक्तीतून ताशी ६० ला सुमारे ९८० न्यूटन ओढ मिळते. ११८ ला त्याच्या निम्मीच. मऊ बर्फ आणि समोरचा वारा ही ओढ केव्हाच गिळून टाकतील. दातेरी चाके बदलून बल आणि वेग यांची अदलाबदल होते, शक्ती तयार होत नाही. म्हणून अशी गाडी शर्यतीच्या कामाची नाही. पण जंगलातून सरपण ओढायचे, तलावावर मासेमारीचे सामान न्यायचे, तर ती झकास. कमी पेट्रोलात, शांतपणे, दिवसभर चालते.

काही जण एंजिनावरचा वेगनियंत्रक काढून त्याला ५४०० फेऱ्यांपर्यंत पळवतात. मला हे मुळीच पसंत नाही. वेग दीडपट झाला, की गतिचक्रातला ताण सव्वादोनपट होतो. पुन्हा तोच वर्ग! ओतीव लोखंडाचे चक्र त्या ताणासाठी बनवलेले नसते आणि ते फुटले तर त्याचे तुकडे चालकाच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असतात. कप्पीवरचे लोखंडी आवरण काढून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते.

थंडीचाही हिशेब आहे. वायूची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश सेल्सियस म्हणजे ३०३ केल्विन, आणि उणे ३० म्हणजे २४३. भागाकार १.२५. म्हणजे त्या गारठ्यात एंजिन दर घोटाला पाव हिस्सा अधिक हवा ओढते. उन्हाळी पंपासाठी जुळवलेला कार्ब्युरेटर मात्र त्या मानाने पेट्रोल देत नाही, आणि एंजिन खोकू लागते. त्यासाठी त्यातले पेट्रोलचे भोक मोठे घालावे लागते. तेलाचेही तसेच. टू-स्ट्रोकचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते, त्यामुळे गाडी कशीही कलली तरी चालते. फोर-स्ट्रोकचे तेल तळाशी साठलेले असते. उभ्या चढावर ते एका कोपऱ्यात जाते आणि आतल्या भागांना कोरडे राहावे लागते. शिवाय नवे एंजिन दहा-पंधरा किलोंनी जड भरते. ते वजन पुढे येते आणि मऊ बर्फात घसरपट्ट्यांचे नाक रुतते.

फिरण्याची दिशाही तपासावी लागते, कारण वादी आणि साखळी दोन्ही दिशा उलटवत नाहीत. बहुतेक पंपाची एंजिने आसाच्या टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतात, आणि सुदैवाने स्नोमोबिललाही डाव्या बाजूने तेच हवे असते. टू-स्ट्रोक एंजिनाची एक खोडी येथे सांगतो. साध्या टू-स्ट्रोकला झडपांचा क्रम पाळायचा नसतो, म्हणून ते उलटेही तितक्याच आनंदाने फिरते. काही स्नोमोबिलमध्ये मागे जाण्यासाठी वेगळा गिअरच नसतो. बटण दाबताच एंजिन मंद होते, ऐन वेळी ठिणगी फार लवकर पडते, दट्ट्या वर पोचण्याआधीच मागे ढकलला जातो आणि सारे एंजिन उलटे फिरू लागते! फोर-स्ट्रोकची बदली केली, की ही सोय गेली.

एंजिन पहिल्यांदा सुरू करताना पडवीचे दार सताड उघडे हवे. बाहेर कडाका असला की ते लोटून घ्यायचा मोह होतो. पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद खोलीत तो थोड्या मिनिटांत माणसाचा जीव घेऊ शकतो.

तुमच्यापैकी कोणाला त्या दोन कप्प्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील, तर स्नोमोबिल शोधायला नको. जवळच्या मेकॅनिककडे बिनगिअरच्या स्कूटरचे डावीकडचे झाकण उघडलेले असेल तेव्हा जा. एंजिन बंद असताना पुढच्या कप्पीतली गोल वजने हातात मागून घ्या; एखाद्या जुन्या गाडीतली असतील तर त्यांची एक बाजू घासून चपटी झालेली दिसेल. नव्या वजनाशेजारी ते ठेवा आणि मेकॅनिकला विचारा, की अशा गाडीची तक्रार काय घेऊन गिऱ्हाईक आले होते. त्याचे उत्तर वरच्या वर्गाच्या सूत्राशी जुळते का, ते तुम्हीच ताडून पाहा.