वेदी, वाडी आणि व्यासपीठ

धर्मोपदेशकानें सार्वजनिक प्रश्नांत लक्ष घालावें कीं घालूं नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एक पक्ष म्हणतो कीं, ज्यानें देवाची सेवा पत्करली त्यानें पूजाअर्चा करावी, पुराण सांगावें, आल्यागेल्याचें समाधान करावें. रस्ते, पाणी, निवडणुका ह्या गोष्टी त्याच्या नव्हेत. दुसरा पक्ष म्हणतो कीं, शेजाऱ्याची विहीर आटली असतां ज्यास कांहींच वाटत नाहीं, तो धर्म केवळ सोंवळ्याओंवळ्याचा होय. दोन्ही पक्षांची मंडळी बहुधा एकाच घरांत, एकाच पंगतीस बसलेली असते. आणि वाद भात वाढतांना सुरू होऊन ताक येईपर्यंत मिटतो. मिटतो म्हणजे सुटतो असें नव्हे. अशा वादाचा उलगडा तत्त्वचर्चेपेक्षां एखाद्या खऱ्या चरित्राच्या आधारानें अधिक चांगला होतो, असें आम्हांस वाटतें. म्हणून वसईचे कॅथॉलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें जीवन व विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत. २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें.

कॅथॉलिक धर्मगुरूचे विचार आमच्या घरांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, हे विचार मराठींत लिहिले गेले, मराठी माणसांसाठीं लिहिले गेले, आणि त्यांतील मुख्य प्रश्न जितका त्यांचा तितकाच आपला आहे.

१५३४ सालीं वसई गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती जिंकून घेतली, एवढा इतिहास आपल्या घरांतील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतो. परंतु ह्या दोन सालांच्या दरम्यान ज्या कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तीं पुढें कोठें गेलीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तीं कोठेंहि गेलीं नाहींत. आपल्या वाड्यांत तीं राहिलीं. केळीं व पानवेली लावीत राहिलीं. राजेळी केळीं उन्हांत वाळवून सुकेळीं करीत राहिलीं. वसईच्या उत्तर भागांत सामवेदी ब्राह्मण आहेत आणि सामवेदी ख्रिस्तीहि आहेत. दोघांच्या घरांत कादोडी ह्या नांवानें ओळखली जाणारी एकच बोली बोलली जाते. एका घरांत तुळशीवृंदावन, दुसऱ्याच्या दारांत क्रूस. परंतु आजीनें नातवास हांक मारली तर शब्द तेच. ह्याच परिसरांत, नंदाखाल येथें, ४ डिसेंबर १९४२ रोजीं दिब्रिटो यांचा जन्म झाला.

मराठीशीं कॅथॉलिक धर्मगुरूंचा संबंध तर ह्याहून जुना आहे. इंग्लंडांत जन्मलेले जेजुइट पंथाचे फादर स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' त्यांनीं रचिलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. परदेशच्या माणसानें आपला धर्म सांगण्यास ओवी निवडावी, ह्यांत त्याचें चातुर्य होतें, तसाच ह्या भाषेविषयींचा आदरहि होता. परंतु ग्रंथ मराठींत झाला तरी मुख्य उपासना पुढें कित्येक पिढ्या लॅटिनमध्येंच चालली. वसईचा शेतकरी गुडघे टेकून जे मंत्र ऐके, त्यांचा अर्थ त्यास लागत नसे. संस्कृत मंत्रांच्या बाबतींत आपल्याकडील यजमानाची स्थिति बहुधा ह्याहून निराळी नसते, म्हणून ह्यास आपण हंसण्याचें कारण नाहीं.

ही स्थिति पालटली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें. १९६२ ते १९६५ ह्या काळांत जगभरचे कॅथॉलिक बिशप रोम येथें जमले, आणि त्यांनीं लोकभाषेंत उपासना करण्यास मोकळीक दिली. इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे त्याचा आपण अव्हेर करीत नाहीं, असें त्यांनीं २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेंत सांगितलें. आणि त्याच वर्षाच्या ७ डिसेंबर रोजीं, जगांतील माणसांचीं, विशेषतः गरिबांचीं, सुखदुःखें तीं आपलींच होत, असें दुसऱ्या लेखांत मान्य केलें. दिब्रिटो त्या वेळीं ऐन तारुण्यांत होते. १९७२ मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे ज्या पिढीच्या हातीं ह्या नव्या विचाराचें बीं प्रथम आलें, त्या पिढीचे ते होते. पेरावयाचें कोठें, एवढेंच ठरावयाचें होतें.

त्यांनीं तें प्रथम भाषेंत पेरलें. १९८३ ते २००७ अशीं चोवीस वर्षें ते 'सुवार्ता' ह्या कॅथॉलिक मासिकाचे संपादक होते. धर्मवार्तेबरोबरच समाजाच्या प्रश्नांस त्यांनीं त्या मासिकांत जागा दिली. पुढें बायबल सोप्या, चालू मराठींत आणण्याचें मोठें काम त्यांनीं 'सुबोध बायबल' ह्या रूपानें पुरें केलें. पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें होतें, आणि रेव्हरंड टिळकांच्या अभंगांनीं व लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'नीं ख्रिस्ती मराठी वाङ्मय घरोघर नेलें होतें. ही मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची होती, दिब्रिटो कॅथॉलिक. परंतु मराठीपुरतें पाहिलें तर वाट एकच. चालू घडामोडींकडेहि त्यांची दृष्टि अशीच मोकळी होती. ज्या भूमीवर यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेहि आपला जीव जडवून बसले आहेत, तिच्याविषयीं त्यांनीं 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकाच्या पूर्ण नांवांत इस्रायल आणि पॅलेस्टाइन ह्या दोहोंचाहि उल्लेख आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

आतां वाडीकडे वळूं. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईची वाढ वसईपर्यंत येऊन भिडली. हिरव्या पट्ट्यांतील शेतजमिनी इमारतींसाठीं मोकळ्या होऊं लागल्या, त्यांच्या किंमती चढल्या, आणि किंमतींबरोबर दांडगाई व दहशतहि आली. समुद्रकांठच्या विहिरीची रचना ज्यास ठाऊक आहे त्यास ह्यांतील खरें संकट कळेल. अशा ठिकाणीं पावसाचें गोडें पाणी जमिनींत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. बेतानें उपसा केला तर तें पिढ्यानुपिढ्या पुरतें. पंपांनीं तें बेसुमार उपसून टँकरांतून बाहेर नेलें, आणि पाऊस मुरावयाच्या जागीं भराव घालून सिमेंटचें बांधकाम केलें, कीं खालचें खारें पाणी वर चढतें. एकदां विहीर खारट झाली म्हणजे केळ जळते, पानवेल सुकते, आणि शेतकऱ्यास जमीन विकण्यावांचून गति राहत नाहीं. मग जमीन घेणाराचें काम आपोआपच होतें.

ह्या संकटाविरुद्ध जी 'हरित वसई' चळवळ उभी राहिली तिचें नेतृत्व फादर दिब्रिटो यांनीं केलें. धर्मगुरूचा झगा घातलेला मनुष्य शेतकऱ्यांचे मोर्चे नेतो, सभांतून बोलतो, जमिनींच्या धनाढ्य गिऱ्हाइकांचा रोष ओढवून घेतो, हें दृश्य कित्येकांस रुचलें नसेल. परंतु विचार करावा. गोड्या पाण्याचा जो थर जमिनीखालीं आहे तो ख्रिस्ताच्या वाडीखालीं एक आणि सामवेदी ब्राह्मणाच्या वाडीखालीं दुसरा असा नाहीं. एकाची विहीर वांचली तर दुसऱ्याची वांचते. एकाची बुडाली तर दोघांचीहि बुडते. ज्या मागणीचा लाभ मागणाराच्या धर्माबाहेरील शेजाऱ्यास तितकाच होतो, ती मागणी धर्मगुरूनें केली म्हणून सांप्रदायिक कशी ठरावी? पुढें २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं 'लाउदातो सी' हें परिपत्र काढून सृष्टीचें रक्षण हें धर्मकर्तव्य असल्याचें सर्व जगास सांगितलें. वसईच्या धर्मगुरूंनीं तें त्यापूर्वीं पंचवीस वर्षें आचरणांत आणलें होतें.

येथें कोणी शंका घेईल कीं, आज पाणी, उद्यां मतें. धर्मगुरु एकदां लोकांपुढें उभा राहूं लागला म्हणजे खुर्चीपर्यंत किती अंतर उरलें? शंका रास्त आहे. कॅथॉलिक धर्मसंस्थेसहि ती आली, आणि १९८३ च्या तिच्या कायद्यांत त्याची तरतूद आहे. कलम २८५ प्रमाणें शासनाधिकार चालविण्याचें पद धर्मगुरूस घेतां येत नाहीं. आणि कलम २८७ प्रमाणें राजकीय पक्षांत त्यानें पुढाकार घेऊं नये, मात्र धर्मसंस्थेच्या हक्कांच्या अथवा लोककल्याणाच्या रक्षणासाठीं वरिष्ठांस आवश्यक वाटल्यास गोष्ट वेगळी, असें म्हटलें आहे. हा नियम केवळ कागदावरचा नव्हे. निकाराग्वा देशांतील धर्मगुरु व कवि एर्नेस्तो कार्देनाल १९७९ मध्यें तेथील क्रांतिकारी सरकारांत सांस्कृतिक मंत्री झाले, तेव्हां पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९८३ च्या भेटींत विमानतळावरच सर्वांदेखत त्यांस समज दिली, आणि पुढें त्यांचे धर्मगुरुपदाचे अधिकार काढून घेतले गेले. ते परत मिळावयास २०१९ साल उजाडलें. ती शिक्षा योग्य होती कीं कठोर, ह्याविषयीं मतभेद आहेत. परंतु रेषा कोठें आहे तें त्यावरून दिसतें. बोलावें, पण बसूं नये. दिब्रिटो यांनीं ही रेषा पाळली. लोकांचा एवढा विश्वास मिळवूनहि त्यांनीं सत्तेची खुर्ची घेतली नाहीं. आपल्याकडे गाडगेमहाराजांनीं हातीं खराटा घेतला, धर्मशाळा बांधविल्या, आणि स्वतः मात्र झोंपडींतच राहिले. त्यांच्या कीर्तनाचें वजन ह्या अपरिग्रहांतच होतें.

अशा मनुष्यास २०१९ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद देण्यांत आलें. ९३ वें संमेलन जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथें भरलें. आणि त्या पदावर बसणारे ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरु होत. त्यांच्या निवडीस विरोध झाला, धमक्याहि आल्या. विरोधकांचें एक म्हणणें असें कीं, धर्मप्रसारकास साहित्याचें आसन कां द्यावें? ह्या म्हणण्यामागें इतिहासाची एक जखम आहे, ती आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. गोव्यांत १५६० मध्यें स्थापन झालेलें धर्मन्यायालय मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडतां १८१२ पर्यंत चाललें, आणि त्यानें केलेला छळ अनेक घराण्यांच्या आठवणींत आहे. कित्येक कुलदैवतें त्या काळांत आपलें मूळ स्थान सोडून गेलीं. १२ मार्च २००० रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं, सत्याच्या नांवाखालीं धर्मसंस्थेच्या लोकांनीं केलेल्या जुलमाबद्दल ईश्वराची क्षमा मागितली. त्यांत गोव्याचें नांव स्वतंत्रपणें घेतलेलें नव्हतें. ज्यांस हें अपुरें वाटतें त्यांच्याशीं आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु सोळाव्या शतकांतील अन्यायाचा जाब विसाव्या शतकांत नंदाखालीं जन्मलेल्या, जन्मभर मराठी लिहिणाऱ्या मनुष्याकडे मागणें हा न्याय नव्हे. पूर्वजांचें ऋण असें फेडावयाचें ठरलें तर कोणत्या जातीच्या व कोणत्या धर्माच्या घरांत सुखानें झोंप लागेल?

पाठीच्या व्याधीनें ग्रासलेले असतांहि दिब्रिटो संमेलनास गेले आणि बोलले. मराठी शाळा, शेतकरी, पर्यावरण हे विषय त्यांनीं घेतले. आणि त्याच आठवड्यांत दिल्लींतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्याचाहि त्यांनीं निषेध केला. कित्येकांस तें भाषण पटलें, कित्येकांस पटलें नाहीं. परंतु आपली निवड वादांत सांपडली आहे, तर दोन गोड शब्द बोलून मोकळें व्हावें, असा सोपा मार्ग त्यांनीं धरला नाहीं, हें त्यांच्या विरोधकांनींहि मान्य करावें.

ह्या चरित्रावरून तीन कसोट्या आम्हांस सुचतात. धर्मोपदेशक सार्वजनिक प्रश्नावर बोलूं लागला म्हणजे त्याचें बोलणें दुसऱ्या धर्माच्या मनुष्यास समजेल अशा भाषेंत आहे काय, हें प्रथम पाहावें. तो जें मागतो त्याचा लाभ कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यास होतो काय, हें दुसरें. आणि ज्या आसनावरून तो बोलतो त्याहून उंच आसनाकडे त्याचे डोळे लागले आहेत काय, हें तिसरें. धर्माच्या नांवानें गर्दी जमविणें आज फार सोपें झालें आहे. म्हणून ह्या कसोट्या पूर्वींपेक्षां अधिक लागतात. मात्र त्या लावावयाच्या तर सर्वांस सारख्या लावाव्या. पाद्री, मौलवी यांस एक माप आणि आपल्या घरीं पाद्यपूजेस येणाऱ्या बुवांस दुसरें, असें करूं नये.

दिब्रिटो यांचीं पुस्तकें मराठींत सहज मिळतात. 'नाही मी एकला' हें आत्मचरित्र घरांतील वडील मंडळींनीं आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं सारख्याच गोडीनें वाचावें असें आहे. वाचून झाल्यावर पंगतींतला तो जुना वाद पुन्हा निघेल, आणि निघावाच. मात्र ह्या वेळीं तो ताकाबरोबर मिटवूं नये, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.