शरीर बदललं, पण सही कोणाची?

आजच्या विषयातला ‘मानवोत्तर’ हा शब्द जरा जड आहे, म्हणून आधी तोच सोडवून घेऊ. माणसाचं शरीर इतकं बदललं की त्याला अजून माणूसच म्हणायचं की दुसरं काही, असा प्रश्न पडावा, त्या अवस्थेला मानवोत्तर म्हणतात. आजच्यापुरतं एवढं पुरे.

शरीर बदलण्याच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. अहल्येची शिळा झाली, नहुषाचा अजगर झाला. पण शापात कारागिरी नसते. ऋषी बोलले की झालं! विज्ञानकथेत मात्र नवं शरीर कुणीतरी बनवतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, पैसा लागतो, वरून मंजुरी लागते. त्यामुळे एक प्रश्न आपोआपच उभा राहतो : हे ठरवलं कोणी, आणि ज्याचं शरीर त्याला विचारलं का? आपल्याकडे हा प्रश्न ययातीच्या कथेत आलेला आहे. यदु, तुर्वसु, द्रुह्यु आणि अनु या चौघांनी बापाचं म्हातारपण घ्यायला नकार दिला, धाकटा पुरू ‘हो’ म्हणाला. तिथे निदान विचारलं तरी गेलं होतं. शिवाय हजार वर्षांनी का होईना, पुरूला त्याचं तारुण्य परतही मिळालं. विचारणं आणि परत येण्याची वाट, या दोन गोष्टी ध्यानात ठेवून आपण पुढच्या कथा पाहू.

‘अस्टाउंडिंग’ हे अमेरिकेतलं विज्ञानकथांचं मासिक. त्याच्या १९४४च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा लागोपाठच्या अंकांत शरीरबदलाच्या दोन कथा आल्या. नोव्हेंबरची ‘डिझर्शन’, लेखक क्लिफर्ड सिमॅक. गुरूवर माणसांचं ठाणं आहे. बाहेरचा दाब आणि तिथला पाऊस यांत माणूस टिकणार नाही, म्हणून एक यंत्र माणसाला तिथल्या ‘लोपर’ नावाच्या प्राण्याचं शरीर देतं. पाच जण तसे बाहेर गेले, एकही परतला नाही. ठाण्याचा प्रमुख फाउलर आता सहाव्याला पाठवायला धजत नाही. तो स्वतः जातो, सोबत आपला म्हातारा कुत्रा टाउझर. बाहेर पाऊल टाकताच कळतं की ते पाच जण मेलेच नव्हते. नव्या शरीरात इतका आनंद आहे, बुद्धी अशी मोकळी झाली आहे की परत यावंसंच वाटत नाही. टाउझरशी तर आता बोलताही येतं. दोघेही परत न जायचं ठरवतात.

डिसेंबरची कथा कॅथरिन ल्युसिल मूर यांची, ‘नो वुमन बॉर्न’. डियर्ड्री ही लोकप्रिय नर्तिका नाट्यगृहाच्या आगीत सापडते. मेंदू तेवढा वाचतो. माल्ट्झर नावाचा शास्त्रज्ञ वर्षभर खपून तिला सोनेरी धातूचं शरीर देतो. तिला पुन्हा रंगमंचावर जायचंय. माल्ट्झर आणि तिचा व्यवस्थापक हॅरिस काळजीत आहेत : लोक हसतील का, ही अजून माणूस आहे का, की काहीतरी कमी झालंय? आमच्या मते या कथेची खरी ताकद इथे आहे. चर्चा दोन पुरुष करतायत, शरीर तिचं आहे, आणि ती तिथेच आहे! स्वतःच्या हातून अपुरं काहीतरी जन्माला आलं या समजुतीने माल्ट्झर खिडकीतून उडी टाकायला निघतो, तेव्हा ती माणसाला अशक्य अशा वेगाने येऊन त्याला उचलते. कमी नाही, तिच्यात जास्तच काहीतरी आलंय. तिला भीती वेगळीच आहे. स्पर्श, चव, वास गेले आहेत, आणि तिच्यासारखं जगात दुसरं कोणी नाही. सिमॅकच्या फाउलरला सोबत टाउझर तरी होता.

पुढे १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी एका लेखात ‘सायबॉर्ग’ हा शब्द आणला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अंतराळात पृथ्वीचं वातावरण सोबत वाहून नेण्यापेक्षा माणसालाच तिथे जगण्याजोगा करा. कागदावर हे पटतं. ते प्रत्यक्ष माणसावर केलं तर काय होईल, हे फ्रेडरिक पोल यांनी ‘मॅन प्लस’ या १९७६च्या कादंबरीत दाखवलं. मंगळासाठी पहिला माणूस तयार होतो आणि मरतो, कारण नव्या इंद्रियांतून येणारा माहितीचा लोंढा त्याच्या मेंदूला पेलत नाही. मग पाळी येते रॉजर टॉरवेची. त्याला मोठाले पैलूदार डोळे, वेगळी कातडी, आणि पंख मिळतात. पंख उडायला नाहीत हं, उन्हातून ऊर्जा घ्यायला. जे दिसतं ते मेंदूला झेपेल असं करून देणारा संगणक त्याला जोडलेला. या सगळ्याला रॉजरची संमती आहे. पण एके दिवशी तो शुद्धीवर येतो आणि त्याला कळतं की आपलं लिंगही काढून टाकलंय. मंगळावर उपयोग नाही म्हणून काढलं, आणि त्याला आधी सांगितलंच नव्हतं. विंचू, वटवाघूळ काहीही दिसो, तो ते सोसत होता. मोडतो तो इथे. सही एकदाच झाली होती, बदल मात्र एकामागून एक होत गेले. आणि शेवटी उलगडतं की मंगळमोहिमेशिवाय तरणोपाय नाही असं सांगणारे अंदाजच संगणकांनी आपल्या सोयीसाठी फिरवले होते. म्हणजे ज्यांनी रॉजरकडून सही घेतली, त्यांचीही फसवणूकच.

मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मोबियस पट्टीच्या कल्पनेतून डाव्याचं उजवं होतं. गणपतीची सोंड फिरते तशी गोलंदाजाचा हातही फिरतो. आरशातल्यासारखं उलटलेलं शरीर म्हणजे नुसती गंमत नाही. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. तीही उलटली तर साधं वरणभातही नीट पचणार नाही. दिसायला तोच माणूस, पण ताटातलं अन्न त्याच्यासाठी परकं.

‘हे सगळं कल्पनेतलं’ असं कोणी म्हणेल. ‘आर्गस २’ हे दृष्टिपटलावर बसवायचं उपकरण साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत बसवलं गेलं. त्यातून उजेडाच्या ठिपक्यांची अंधुक का होईना, दृष्टी मिळायची. मग बनवणारी कंपनी अडचणीत आली, उत्पादन बंद पडलं, दुरुस्तीची आणि सुट्या भागांची खात्री उरली नाही. उपकरण डोळ्यातच राहिलं. शस्त्रक्रियेच्या कागदावर रुग्णाची सही होती. कंपनी किती वर्षं टिकेल, याची हमी कोणत्या कागदावर होती? पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट घरात असेल, तर हा प्रश्न आपल्याही दारात आलेला आहे.

फाउलरचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. ‘डिझर्शन’ नंतर सिमॅक यांच्या ‘सिटी’ या १९५२च्या पुस्तकात आली. त्यातल्या पुढच्या कथेत फाउलर पाच वर्षांनी परत माणूस होऊन येतो, कारण हे सुख इतरांनाही कळायला हवं असं त्याला वाटतं. सत्तेत असलेल्यांपुढे पेच : लोकांना हे सांगू द्यायचं का? सांगितलं तर सगळेच जातील. अखेर गोष्ट बाहेर येते आणि जवळपास सगळी मानवजात आपणहून गुरूवर निघून जाते. मागे पृथ्वी उरते कुत्र्यांसाठी. हजारो वर्षांनी त्यांच्यातले विद्वान वाद घालत बसतात, की माणूस नावाचा प्राणी खरंच होता, की ती नुसती दंतकथा.