जुनी माडी, नवी टाईल: आधी लाकडाकडे पाहा

नाशिकच्या जुन्या गावात, दूध बाजार, भद्रकाली, चौक मंडई या भागांत, लाकडी माडीची घरे अजून उभी आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. मध्ये तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी आणि तिच्यावर चोपलेल्या मातीचा थर. अशा माडीवर आता लाकडी पट्टीसारखी दिसणारी लांब पोर्सिलेन टाईल बसवण्याची मागणी वाढली आहे. मोरबीचा माल सहज मिळतो, दिसायला देखणा असतो आणि पुसायला सोपा. फरशीच्या धंद्यातील आपल्या बांधवांना यात चांगले काम आहे. परंतु हे काम सिमेंटच्या स्लॅबवरच्या कामासारखे नाही, हे ध्यानात घेतले नाही तर नाव आणि पैसा दोन्ही जातात.

जुन्या नाशकातील अशाच एका माडीवर आम्ही गेलो होतो. टाईल बसवून एकच पावसाळा झाला होता. खोलीच्या मधोमध सांधे फुटले होते, चार पट्ट्या आडव्या तडकल्या होत्या आणि पाऊल टाकले की पोकळ आवाज येत होता. मालक टाईलला दोष देत होता, मिस्त्री सिमेंटला. खरा दोष दोन्हींचा नव्हता. तक्तपोशीवर थेट दोन इंच माल अंथरून टाईल बसवली होती. "चाचा, वरच्यावर करून द्या, खालचे कोणाला दिसते?" असे मालकानेच म्हटले होते आणि मिस्त्रींनी ते ऐकले होते. बोल मात्र शेवटी मिस्त्रींनाच लागला.

लाकूड हलते, टाईल हलत नाही

लाकूड पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, पण फळीच्या रुंदीत तो चांगलाच जाणवतो. त्यात ओला माल थेट फळीवर टाकला की फळी त्याचे पाणी शोषून फुगते, पुढे सुकून आकसते आणि माल तिच्यापासून सुटतो. पोर्सिलेन टाईल कडक असते. ती वाकत नाही, तडकते. म्हणून लाकूड आणि टाईल यांच्यामध्ये हालचाल सोसणारा पाया हवा.

वजनाचा हिशेब

दहा बाय बारा फुटांची खोली धरू. चार इंच मातीचे वजन सुमारे पावणेदोन टन होते. माती काढून दोन इंच सिमेंटचा माल टाकला तर तोच एक टनाच्या वर जातो, टाईल वेगळी. याउलट फासळ्या, प्लाय, सिमेंट बोर्ड, चिकट माल आणि टाईल मिळून सारे सुमारे सहा क्विंटलमध्ये बसते. म्हणजे माती काढून हलका पाया केला तर जुन्या तुळयांवरचा भार एक टनाहून अधिक कमी होतो. माती तशीच ठेवून वर टाईल चढवणे हा मात्र घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे. महापालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस असलेल्या घरात आधी इंजिनिअर, मग मिस्त्री.

तपासणी

खालून टेकू देऊन माती थोडी थोडी, सर्व बाजूंनी सारखी काढावी. एका कोपऱ्यात ढीग करू नये. भार उतरल्यावर तुळया किंचित वर उचलतात, म्हणून पातळी लगेच धरू नये. नंतर प्रत्येक तुळईचे भिंतीत गेलेले टोक पाहावे, कारण कुजणे बहुधा तिथूनच सुरू होते. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, टोच्याने टोचून पाहावे. टोचा सहज आत गेला तर लाकूड गेलेले आहे. वाळवीची माती दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करावा.

लवचिकतेचा जगभर मानला जाणारा ठोकताळा असा: माणसे व सामान यांच्या भाराने होणारा झोल तुळईच्या लांबीच्या ३६० व्या भागाहून जास्त नसावा. दहा फुटांना हा साडेआठ मिलिमीटर होतो. सोपी परीक्षा म्हणजे मधोमध पाण्याने भरलेली थाळी ठेवून बाजूने चालावे. पाणी हिंदकळले तर जोड तुळई किंवा लोखंडी चॅनल लागेल, आणि ते इंजिनिअरच्या सल्ल्यानेच.

पाया

कुजलेल्या फळ्या बदलाव्यात. हलणाऱ्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने कडीला आवळाव्यात. माती गेल्याने उंबऱ्यापाशी पातळी खाली जाते. ती कड्यांच्या रेषेवर फासळ्या ठोकून भरून काढावी आणि पाणसळही तिथेच साधावी. दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखल नको. लांब टाईल उंचसखलपणा लपवत नाही, उघडा पाडते.

फासळ्यांवर १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० चा पाण्यात टिकणारा प्लाय टाकावा. त्याचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. दोन पत्र्यांत ३ मिलिमीटर फट, भिंतीकडेला ६ मिलिमीटर. कडेला दर सहा इंचांवर स्क्रू. त्यावर सिमेंट बोर्ड चिकट मालाच्या पातळ थरावर बसवून स्क्रू करावा आणि सांध्यांवर जाळीची पट्टी लावावी.

टाईल

चिकट मालाच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा क्रमांक आणि 'लाकूड व प्लायवर योग्य' असे लिहिलेले पाहावे. लवचिक, म्हणजे एस-१ दर्जाचा माल घ्यावा. दातेरी थापीने तो बोर्डावर ओढावा आणि टाईलच्या पाठीलाही लावावा, पोकळी राहू नये. लांब पट्टी मधोमध किंचित कमानदार असते, म्हणून अर्ध्यावर सांधा न जोडता एक तृतीयांशावर जोडावा. सांधा किमान ३ मिलिमीटर. भिंतीकडची फट सिमेंटने भरू नये, स्कर्टिंगखाली मोकळी राहू द्यावी. लाकडाला हलायला तीच जागा आहे. मोरीची जागा मात्र या पद्धतीने करू नये.

दरपत्रक कसे द्यावे

आमची कारागीर बांधवांना सूचना आहे की दरपत्रकात तपासणी, पाया आणि टाईल अशी तीन वेगळी कलमे लिहावीत. गिऱ्हाईक पायाचे पैसे तोडू लागले तर काम सोडावे, पण पाया सोडू नये. सुतार आणि फरशी मिस्त्री यांनी एकत्र दर दिला तर दोघांनाही काम मिळते आणि एकमेकांवर ढकलणे थांबते.

गिऱ्हाइकाला दिसते ती वरची टाईल, पण आपले इमान आणि नाव पारखले जाते ते खालच्या पायावर. दुसरा पावसाळा सरल्यावरही माडीवर पोकळ आवाज आला नाही, तर त्या गल्लीतले पुढचे काम आपोआप आपल्याकडे चालत येईल.